बिनदलालाच्या बारा मशिनी

व्हर्लीन स्टब्जला कुणी "मी तुम्हाला सोपं करून सांगतो" म्हटलं की तिच्या कपाळाची शीर उठायची. सोपं करून सांगणाऱ्यांनी तिचं अर्धं आयुष्य अवघड करून ठेवलं होतं.

बाई एकसष्ट वर्षांची, उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज असा की सातव्या मजल्यावरून पार्किंगमधल्या माणसाचा उद्धार करायची आणि तो मुकाट गाडी हलवायचा. बफेलोच्या बस डेपोत सत्तावीस वर्षं तिनं डिझेल इंजिनं उघडली आणि मिटली. पहिली दोन वर्षं पुरुषांनी तिच्या पान्यांना ग्रीस फासून ठेवलं. तिसऱ्या वर्षी तेच पुरुष "व्हर्लीन, जरा कान लावून बघ गं, हा आवाज कसला?" म्हणून तिच्या मागे फिरायला लागले. तिथे ती एकच धर्म शिकली: जो पार्ट गाडीत नाही, तो मोडत नाही. साहेबलोक दर वर्षी नव्या बसगाड्यांत नवे सेन्सर, नवे डबे, नव्या वायरी घालून पाठवायचे आणि दर हिवाळ्यात त्याच वायरींपायी बसगाड्या बर्फात उभ्या राहायच्या.

रिटायर झाली तेव्हा तिच्याकडे स्वतःच्या पैशांनी घेतलेला एक लॅपटॉप होता. एका सकाळी तो म्हणाला, तुमची मशीन नव्या आवृत्तीसाठी जुनी झाली आहे. व्हर्लीन तो काखोटीला मारून दुकानात गेली. "काल चालत होता. आज म्हातारा कसा झाला?" काउंटरवरचा माणूस हसला आणि म्हणाला, "मॅम, मी सोपं करून सांगतो." पुढचं सांगायला नको. दुकानातून तिला हाताला धरून बाहेर काढलं. तिथून ती थेट लायब्ररीत गेली, लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमवरचं विटेएवढं पुस्तक उचललं आणि आठ महिने शिव्या देत देत वाचलं. कुणी शिकवलं नाही, कुणाच्या पायाशी बसली नाही. लॅपटॉप अजून चालतोय.

ती राहते त्या बर्चफील्ड टॉवर्स या बिल्डिंगच्या तळमजल्यावरची खोली तिनं मॅनेजमेंटकडून अशीच भांडून, करारावर घेतली होती. आधी तिथे कपडे धुवायच्या मशिनी होत्या. जमिनीच्या मधोमध सांडपाण्याची जाळी अजून आहे, आणि दमट दिवशी साबणाचा वास येतो. एका विमा ऑफिसनं भंगारात काढलेले बारा कॉम्प्युटर तिथे मांडले. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही ते नोकरीचे अर्ज भरायला, परीक्षा द्यायला, डॉक्टरच्या तारखा घ्यायला तिथे येतात. व्हर्लीन ही खोलीची मालकीण नव्हे, पण वचक तिचाच.

आणि नाचोचा. म्हणजे इग्नासिओ फेलिसियानो. वय बहात्तर, मूळचा पोर्तो रिकोतल्या पोन्सेचा, आता सहाव्या मजल्यावर राहणारा, तीस वर्षं सरकारी शाळेचा रखवालदार. बिल्डिंगमधले लोक त्याला आदरानं डॉन इग्नासिओ म्हणतात. नाचो म्हणायची ती एकटी व्हर्लीन. शाळेत प्रत्येक कुलपाच्या तीन किल्ल्या त्यानं ठेवल्या होत्या: एक कमरेच्या कड्यात, एक ऑफिसात, आणि एक अशा जागी की ती जागा त्यानं हेडमास्तरांनाही सांगितली नाही. तोही शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये, फरशी पुसता पुसता शिकलेला. दोघं आपल्या बळावर शिकलेले, दोघांनाही आपलंच खरं. एका खोलीत हे असं दोनदा असलं की काय होतं ते लग्न झालेल्यांना वेगळं सांगायला नको, आणि यांचं तर लग्नही झालेलं नव्हतं.

सुरुवातीची मांडणी नाचोची. साठ जीबीची चिमुकली डिस्क, तिचे त्यानं पाच कप्पे केले. एकात सिस्टिम, दुसऱ्यात लोकांच्या फायली, तिसऱ्यात नोंदी आणि छपाईला थांबलेले कागद, चौथा मशीनची स्मरणशक्ती कमी पडली तर लागणारी जागा, आणि पाचवा अडीअडचणीचा: बाकी सगळं कोसळलं तरी या कप्प्यातून आत शिरून डागडुजी करता यायची. शिवाय मशीन चालू केली की सर्वांत आधी एक छोटा प्रोग्राम उठायचा, पाच सेकंद यादी धरून उभा राहायचा आणि विचारायचा: आजची सिस्टिम उठवू, कालची उठवू, की डागडुजीच्या खोलीत नेऊ? काही निवडलं नाही तर आजची उठवायचा. नाचो त्याला प्रेमानं "कारभारी" म्हणायचा. व्हर्लीन म्हणायची "दलाल".

जानेवारीत एका गुरुवारी ओडेसा टेट अर्ज भरत बसली होती. ओडेसा चौथ्या मजल्यावरची. दिवसा एका म्हातारीला सांभाळते आणि त्या कामाचं सरकारी सर्टिफिकेट मिळवायच्या मागे आहे, कारण सर्टिफिकेटवाल्यांना ताशी चार डॉलर जास्त मिळतात. परीक्षेच्या अर्जाची मुदत पाच वाजेपर्यंत. पावणेपाचला मशीन म्हणाली, जागा नाही. सेव्ह होईना, छापता येईना. तिसरा कप्पा छपाईच्या जुन्या कागदांनी गळ्यापर्यंत भरला होता.

"अर्धी डिस्क रिकामी आहे, नाचो!" व्हर्लीन किंचाळली. "अर्धी! आणि ही मशीन त्या बाईला सांगतेय जागा नाही!"

"त्या कप्प्यात नाही. बाकीच्यांत आहे."

"म्हणजे घरात पाच खोल्या, चार मोकळ्या, आणि बाळंतीण मोरीत निजवायची?"

"भिंती सरकवता येतात. म्हणून तर मी तशा बांधल्यात. मला वीस मिनिटं दे."

"वीस मिनिटं! घड्याळ बघ! तुझ्या भिंती सरकत्या आहेत, पण सरकवणार कोण? तू! तू वर जेवत असलास की या बायांनी काय भिंतींची आरती करायची? ज्याला येतं त्यालाच सोय, बाकीच्यांना भिंतच. मॅनेजमेंट वेगळं काय करते?"

हे त्याला लागलं. भिंती त्यानं सरकवल्या, पण सतरा मिनिटं लागली. पाच वाजून दोन मिनिटांनी ओडेसाच्या पुढ्यात मुदत संपल्याचा लाल चौकोन आला. तिनं एकदा व्हर्लीनकडे बघितलं. कोट घातला आणि गेली. पुढची परीक्षा मार्चमधली.

त्या आठवड्यात व्हर्लीननं बाराच्या बारा मशिनी पुसून नव्यानं मांडल्या. कप्पे उडवले. सुरू होण्यापुरती इवलीशी कोपऱ्यातली जागा सोडली तर सगळी डिस्क एकच मोठी खोली. ज्याला जेवढी लागेल तेवढी त्यानं वापरावी. डागडुजीचा कप्पा गेला, कालची सिस्टिम गेली, आणि दलाल तर पहिल्यांदा गेला. मशीनच्या आतल्या मुख्य बोर्डाला स्वतःची एक बारीकशी आठवण असते. व्हर्लीननं त्या आठवणीतच लिहून टाकलं: अमुक फाइल, थेट उठव. मध्ये कुणी नको. घर भाड्यानं घेताना दलाल, नोकरी लावताना दलाल, कोर्टात दलाल. निदान बटण दाबल्यावर तरी मध्ये कुणी उभं राहू नये. पूर्वी चौतीस सेकंद लागायची, आता नऊ. लोक खूश. ती तर अशी मिरवत होती की जणू वीज तिनंच शोधून काढली.

नाचो खाली आला, एक मशीन चालू केली, नऊ सेकंद बघितली आणि म्हणाला, "कप्प्यांचं तुझं बरोबर. एवढ्याशा डिस्कला पाच कप्पे हा माझा हट्ट होता. कबूल. पण दार का काढलंस?"

"दार नाही काढलं. दारवान काढला."

"आणि किल्ली कुणाच्या हाती दिलीस? त्या दहा वर्षं जुन्या बोर्डाच्या आठवणीच्या? माझी आठवण त्याच्याहून बरी आहे, आणि मी काल चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता."

"बोर्ड विसरत नाहीत. माणसं विसरतात."

"एक दिवस तू दाराबाहेर उभी राहशील, बाई, आणि किल्ली आत असेल."

"मग तू तुझा जुडगा खुळखुळवत बस वरती!"

तो खरंच वर जाऊन बसला. सात आठवडे खाली उतरला नाही. जिन्यात दिसले तर दोघं भिंतीकडे बघायचे.

मार्चमध्ये मॅनेजमेंटचं पत्र आलं. सही हॉलडेनबाईंची. या बाई टॉवर्सच्या व्यवस्थापक. कोटावर एक सुरकुती नाही आणि आवाजात एक कंगोरा नाही. पत्र गोड होतं. रहिवाशांच्या सोयीसाठी, म्हणे, तळमजल्यावर कॉम्प्युटरांच्या जागी ब्राइटडेस्क कंपनीच्या, बोटानं चालणाऱ्या पडद्याच्या चार पेट्या बसवायचा विचार आहे. या पेट्यांवर दोनच गोष्टी करता येतात: भाडं भरायचं आणि तक्रार नोंदवायची. अर्ज नाही, परीक्षा नाही, पत्र नाही. गरिबाला कुलूपबंद वस्तू द्यायची आणि तिला सोय म्हणायचं, हा धंदा जुनाच. मात्र सध्याची खोली "वापरण्याजोग्या स्थितीत" असेल तर करार आणखी दोन वर्षं राहील, असंही खाली बारीक अक्षरात होतं. तपासणी सोमवारी अकरा वाजता. प्रत्येक मशीन भिंतीवरच्या बटणानं बंद करून पुन्हा चालू करून दाखवायची. दोनपेक्षा जास्त बंद आढळल्यास खोली परत घेण्यात येईल.

"दोन?" व्हर्लीन म्हणाली. "मी एकही देणार नाही."

शनिवारी-रविवारी त्या बाजूची वीज बंद ठेवणार असल्याची नोटीस लागली, वायरिंगचं काम म्हणून. व्हर्लीननं शुक्रवारी बाराही मशिनी नीट बंद केल्या, वायरी काढल्या, वर चादरी टाकल्या. आणि सोमवारी सकाळी आठला येऊन सगळ्या वायरी लावल्या, बटणं दाबली.

तीन उठल्या. नऊ काळ्या पडद्यावर पांढरी ओळ धरून बसल्या: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

व्हर्लीननं पुन्हा दाबली. पुन्हा तेच. तिनं वायरी हलवल्या, एका मशीनला चापट मारली, मग देवाचं नाव अशा सुरात घेतलं की तिची आई असती तर तोंड साबणानं धुतलं असतं. मग तिला कारण सापडलं. कारण नेहमीचंच. तिनं फोन उचलला.

"केलंत ना शेवटी? वायरिंगच्या नावानं आत शिरून नऊ मशिनींच्या डिस्का पुसल्यात ना? मला काय नुकती खेड्यातून येऊन बसमधून उतरलेली समजता?"

"गुड मॉर्निंग, मिस स्टब्ज," हॉलडेनबाई म्हणाल्या. "आतमध्ये कुणी आलं नव्हतं. दाराला तुमचंच कुलूप होतं. अकरा वाजता भेटू."

कुलूप तिचंच होतं. सकाळी तिनंच काढलं होतं. तिनं फोन ठेवला. ती एका काळ्या पडद्यापुढे बसली, मशीनच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरली आणि वरच्या कोपऱ्यातली तारीख वाचली. एक जानेवारी. साल दहा वर्षांपूर्वीचं.

दुसऱ्या मशीनवर तीच तारीख. तिसऱ्यावरही.

डेपोत असती तर हे तिनं पहिल्या मिनिटात ओळखलं असतं. बोर्डाची आठवण एका नाण्याएवढ्या सेलवर जगते. नऊ मशिनींचे सेल कधीच मेले होते, पण भिंतीतून वीज येत होती तोवर ते कुणाच्या लक्षात येणार? दोन दिवस वायर काढली आणि या जातीचे बोर्ड सगळं विसरले: तारीख विसरले, साल विसरले आणि "अमुक फाइल, थेट उठव" हेही विसरले. डिस्का धडधाकट. सगळ्यांच्या फायली जागच्या जागी. फक्त कुठे जायचं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. कारण ते सांगणारा तिनंच हाकलला होता. मॅनेजमेंटनं नव्हे, ब्राइटडेस्कनं नव्हे. तिनं.

साडेआठ वाजता ओडेसा दारात. "मिस व्हर्लीन, साडेअकराला सर्टिफिकेटची परीक्षा सुरू होते. मी तीन नंबरला बसू ना?"

"बस," व्हर्लीन म्हणाली. "म्हणजे, अकराला ये. आत्ता नको."

तीन नंबरचा पडदा काळा होता. ओडेसानं तो बघितला, मग व्हर्लीनकडे बघितलं. जानेवारीत बघितलं होतं तसंच. व्हर्लीनला वाटलं, हिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोपऱ्यावरच्या दुकानात फोन केला. तसले सेल नाहीत. मोठ्या दुकानात जाऊन यायचं म्हणजे या बर्फात बसनं दीड तास, आणि बसगाड्या कशा धावतात ते तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आठवणीत पुन्हा लिहून ठेवावं म्हटलं तर ती बाई भिंतीवरचं बटण बंद करणार, आणि मशीन तिच्यादेखत पुन्हा विसरणार. व्हर्लीननं एकीवर करून बघितलं. लिहिलं, चालू झाली. वायर काढली, लावली: काळी.

मग ती जिन्यानं सहावा मजला चढली. लिफ्टची वाट बघायलाही तिला राग येत होता. दारावर मूठ आपटली.

"कोण आहे?"

"कोण आहे ते तुला माहितेय. दार उघड."

"मी नाश्ता करतोय."

"नऊ मशिनी मेल्या."

आत काटा-चमचा थांबला. "सेल?"

"सेल."

"म्हणजे आठवण गेली."

"गेली."

"मी सांगितलं होतं की नाही?"

"नाचो, मी सहा मजले चढून आलेय. आता तू 'सांगितलं होतं' म्हणालास तर तुला त्या अंड्यासकट खिडकीतून खाली टाकीन."

दार उघडलं. नाचो हातात ताटली घेऊन उभा. "सांगितलं होतं," तो म्हणाला. "थांब, बूट घालतो. आणि आवाज कमी कर, शेजारीण आजारी आहे."

खाली येईपर्यंत सव्वानऊ. नाचोचं म्हणणं साधं होतं. बोर्ड सगळं विसरला तरी एक गोष्ट त्याच्या हाडात असते: डिस्कवर एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाची फाइल आहे का ते तो बघतोच. कारभाऱ्याला तिथे बसवायचं. मग आठवण असो, नसो, बोर्ड त्याच्यावरच येऊन आदळणार, आणि कारभारी सिस्टिमला उठवणार. प्रत्येक मशीन पेनड्राइव्हवरून उघडायची, कारभारी बसवायचा, बंद करून तपासायची. दोघांचे पेनड्राइव्ह दोन, तेही रडतखडत चालणारे. एकेका मशीनला पंचवीस मिनिटं.

व्हर्लीननं मनात हिशोब केला. "दोघांच्या मिळून सात होतील. फार तर आठ. दोन बंद चालतात. तिसरी चालणार नाही."

"मग बडबड कमी कर."

पण बडबड कमी होणं दोघांच्या रक्तात नव्हतं. पहिल्याच मशीनवर नाचोनं यादी पाच सेकंद ठेवली.

"शून्य," व्हर्लीन म्हणाली.

"पाच. माणसाला वाचायला वेळ लागतो."

"रोज बारा मशिनींवर पाच-पाच सेकंद कुणाला यादी वाचायचीय? शून्य. ज्याला यादी हवी त्यानं बटण दाबून धरावं."

"आणि बटण दाबून धरायचं हे ओडेसाला कुणी सांगायचं? तू? शिव्या देऊन?"

"दोन."

"तीन."

"बरं, तीन! आणि कालची सिस्टिम ठेवतोयस ती एकच. चार पिढ्या ठेवू नकोस. त्या कोपऱ्यात जागा किती आहे ते बघ."

"एकच ठेवतोय. मी काय आंधळा आहे?"

"तुझा चष्मा फ्रीजमध्ये असतो!"

हात मात्र चालू होते. नाचो टाइप करताना ओठ हलवायचा, व्हर्लीन कळा अशा बडवायची की जणू त्यांनीच दगा दिलाय. कप्प्यांना त्यानं हात लावला नाही. एकच मोठी खोली तशीच राहू दिली. आणि त्याचा कारभारी ठरल्या जागी बसताना तिनं तोंड वाकडं केलं, पण बसू दिला. दोघांनीही याबद्दल एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर आणखी दहा मिनिटं गेली असती.

चौथ्या मशीनवर व्हर्लीनच्या हातून फाइलचं नाव चुकलं आणि आठ मिनिटं पाण्यात गेली. नाचो घड्याळाकडे बघून पुन्हा टाइप करायला लागला. त्याचं ते न बोलणं तिला शिवीसारखं झोंबलं. "बोल ना! बोलून टाक!" ती खेकसली. "वेळ नाही," तो म्हणाला.

पावणेअकराला सहा तयार. दोघं सातव्या मशीनवर एकदमच वाकले. ती तीन नंबरची होती, ओडेसाची. अकराला तीन मिनिटं कमी असताना ती उठली. राहिलेल्या दोन तशाच काळ्या.

हॉलडेनबाई वेळेवर आल्या. बरोबर ब्राइटडेस्कचा एक माणूस, हातात मोजपट्टी. पेट्या कुठे बसतील ते मोजायलाच आला होता. दारातूनच त्यानं भिंतीला पट्टी लावली. मागून रहिवासी येत होते: ओडेसा, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बहिणी, आणखी पाच-सहाजण.

"मोजपट्टी खिशात," व्हर्लीन म्हणाली. "अजून मेलं कुणी नाहीये. तिरडी कसली मोजताय?"

हॉलडेनबाईंनी कागद काढला. "मिस स्टब्ज, सकाळी तुमचा फोन आला तेव्हा नऊ मशिनी बंद होत्या. घाईत जोडलेलं काहीतरी आज चालेल, उद्या चालणार नाही. मी सोपं करून सांगते: रहिवाशांना भरवशाची सोय हवी. तर आपण एकेक मशीन बंद करून..."

पुढचं वाक्य कुणाला ऐकू आलंच नाही. "सोपं करून" हे दोन शब्द व्हर्लीनच्या कानात गेले आणि ती भिंतीपाशी पोचली. बाराही मशिनींची वीज ज्या एका जाड वायरीतून येत होती, ती तिनं दोन्ही हातांनी धरली आणि खसकन उपटली.

खोली काळी झाली. पंखे एकामागून एक थांबले. बहिणींपैकी एकीनं "ओ लॉर्ड" म्हटलं. नाचोनं स्पॅनिशमध्ये जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सहा मशिनी दोघांनी एकदा तरी तपासल्या होत्या. सातवी वायर काढून कुणीच तपासली नव्हती.

"एकेक कशाला?" व्हर्लीन म्हणाली. तिचा आवाज अचानक अगदी खाली आला होता, आणि जे तिला ओळखत होते ते मागे सरकले. "सगळ्या एकदम बघा. तुमची वीज दर हिवाळ्यात चार वेळा जाते, हॉलडेनबाई. ती काय एकेक मशीन विचारून जाते?"

तिनं मनात साठ मोजले. मग वायर लावली, आणि बटणं दाबत टेबलामागून टेबल चालत गेली.

तीन चांगल्या सेलवाल्या लगेच उठल्या. मग एक, पाठोपाठ दुसरी. पडद्यावर तारीख दहा वर्षांपूर्वीची, खाली दोन ओळींची यादी. एक, दोन, तीन सेकंद, आणि पुढे. बोर्ड सालसुद्धा विसरले होते, पण ठरल्या जागी जाऊन आदळत होते. आठ झाल्या. नऊ. तीन नंबरचा पडदा मात्र काळाच होता. व्हर्लीन त्याच्यासमोर उभी राहिली. नऊवर थांबलं असतं तर बंद पडलेल्या तीन, आणि खोली गेली. तिच्या रागानं गेली, दुसऱ्या कुणाच्या नव्हे.

नाचो शेजारी आला. "ही हळू उठते," तो पुटपुटला. "हिची डिस्क जुनी आहे."

"तुला काय माहीत?"

"मीच बसवली होती."

पडदा उजळला. यादी आली. एक, दोन, तीन.

"दहा," नाचो मोठ्यानं म्हणाला. "बारापैकी दहा."

हॉलडेनबाईंनी खोलीभर फिरून स्वतः मोजलं. दोनदा. ब्राइटडेस्कचा माणूस मोजपट्टी गुंडाळत होता आणि ती त्याच्या हातातून सुटून सुटून परत लांब होत होती. बाईंनी कागदावर लिहिलं: चालू दहा, बंद दोन. वापरण्याजोगी. सही केली.

इथे शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. व्हर्लीननं कागद वाचला आणि बोट ठेवलं. "इथे 'बंद पडण्याचं कारण' असा रकाना आहे. तो मोकळा का?"

"तो भरायची गरज नाही."

"आहे. लिहा: व्यवस्थापनानं दोन दिवस वीज तोडली."

"नोटीस दिली होती, मिस स्टब्ज. आणि मला वाटतं कारण ते नव्हतंच."

"कारण ते नव्हतं," व्हर्लीन म्हणाली. खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. "कारण मी. मी दारवान काढला आणि मेलेल्या सेलांच्या भरवशावर बसले. लिहा, तेही लिहा, स्टब्जची चूक म्हणून लिहा. पण वरती तुमची वीजही लिहा! माझी चूक तुमच्या कागदावर येणार असेल तर तुमचीही येईल!"

"बाई, सही झालीये," नाचो तिची बाही ओढत म्हणाला. "जाऊ दे."

"तू मध्ये पडू नकोस! यादीला तीन सेकंद दिली म्हणून माझ्या तोंडाचा कारभारी झालास का?"

"तुझ्या तोंडाला कारभारी मिळायचा नाही. पगार कितीही द्या."

"मिस स्टब्ज, मला दुसरीकडे जायचं आहे..."

"रकाना भरल्याशिवाय कुठे जाता?"

"मिस व्हर्लीन!"

तीन नंबरवरून आलेला तो आवाज इतका खणखणीत होता की तिघांनीही वळून बघितलं. ओडेसा पाठमोरीच होती. साडेअकरा वाजले होते, पडद्यावर पहिला प्रश्न आला होता, कोपऱ्यात वेळ उलटा धावत होता.

"तुमचं तिघांचं काय असेल ते बाहेर जाऊन भांडा," ती मान न वळवता म्हणाली. "आणि जाताना दार लोटून घ्या. मला नव्वद मिनिटं आहेत."